120 जण जेवले, पण मोजलं कुणी?

मागच्या उन्हाळ्यात भोकरला मावसभावाचं लग्न होतं. शेवटची पंगत उठली तरी दोन भगुनी भात उरला. उरलेलं अन्न वाटणाऱ्या पोरांना फोन केला, ती येऊन घेऊन गेली. रात्री मेसेज आला, ‘धन्यवाद! तुमच्यामुळे 120 जण जेवले.’ घरात सगळे खूश. मी पडलो कोड लिहिणारा माणूस. मला प्रश्न पडला की हा 120 आकडा आला कुठून?

बहुतेक ठिकाणी तो भागाकारातून येतो. अन्नाचं वजन करायचं आणि ‘एका जेवणाच्या’ वजनानं भागायचं. ब्रिटनमध्ये एक जेवण म्हणजे 420 ग्रॅम धरतात, अमेरिकेत 1.2 पौंड, म्हणजे साधारण 544 ग्रॅम. त्यामुळे तेच एक टन अन्न ब्रिटनमध्ये सुमारे 2,380 जेवणं होतं आणि अमेरिकेत सुमारे 1,840. आपल्याकडे 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, भात, वरण मिळून 410 ग्रॅम ठरवले होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या तेवढ्या ग्रॅमनं काय फरक पडतो? तर चला 1877 मध्ये.

1876-78 चा दुष्काळ दख्खनभर होता. इंग्रजांच्या मुलखात होता आणि आपल्या निजामाच्या मुलखातही. सरकारनं पाहणीला पाठवले सर रिचर्ड टेंपल. गंमत बघा, याच टेंपलनी 1873-74 मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं वाचवली होती. पण तेव्हा ‘फार खर्च केला’ म्हणून त्यांच्यावर टीका झाली. यावेळी त्यांनी हात आखडला. दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या मजुराला रोज एक पौंड, म्हणजे 454 ग्रॅम धान्याएवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे, असा हिशेब बसवला.

कागदावर तो हिशेब चोख होता. पण मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघाले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काकांच्या पुणे सार्वजनिक सभेनं जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. तिकडे मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश सांगत होते की एवढ्यावर कष्टाचं काम करणारा माणूस तगत नाही. छावण्यांतले मृत्यू त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी मद्रासमध्ये मजुरी वाढवावी लागली. पण तोवर किती जीव गेले होते!

म्हणजे टेंपल मोजत होते, आपण किती दिलं. सभा आणि कॉर्निश मोजत होते, त्यानं माणसाचं काय झालं. आपल्या मेसेजमधला 120 हा पहिल्या जातीचा आकडा आहे. तो भात भुकेल्याला मिळाला का? की आधीच जेवलेल्याला? रात्री आठला मिळाला की साडेअकराला, आंबल्यावर? यातलं काहीच त्या आकड्यात नाही.

पर्यावरणाचंही तसंच. शहरात उरलेलं अन्न कचरा डेपोत कुजतं, त्यातून मिथेन निघतो. म्हणून ॲपवाले ‘इतका किलो कार्बन वाचवला’ असं दाखवतात. पण भोकरला उरलेला भात डेपोत जातो कुठं? तो जातो म्हशीपुढं! मग वाचलं काय? उलट तो न्यायला आलेल्या टेम्पोचं डिझेल वजा करायला हवं.

याचा अर्थ ती पोरं चुकीचं करतात असा नाही. पुढच्या वेळीही मी त्यांनाच फोन करणार. फक्त विचारणार, कुठं वाटलं, किती वाजता, आणि उरलं किती? आणि मावशीला विचारणार, धाकट्याच्या लग्नात एक भगुनं कमी शिजवायचं का? खरी बचत तिथंच मोजता येईल.

तुमच्या गावात पंगतीनंतर उरलेल्याचं काय होतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!