हासळीचे हाड काढण्याची शस्त्रक्रिया

हासळीचे हाड, म्हणजेच कॉलरबोन, छातीच्या मधल्या हाडाला खांद्याशी जोडते. हाताला धडाशी जोडणारा हाच काय तो हाडांचा दुवा. बाकी सारा भार स्नायूंवर असतो. या हाडात कर्करोग झाल्यास ते काही अंशी किंवा पूर्ण काढून टाकावे लागते. या शस्त्रक्रियेला ‘क्लॅव्हिक्युलेक्टॉमी’ म्हणतात. या हाडात गाठ होणे मुळात दुर्मीळ. झाल्यास ऑस्टिओसार्कोमा, युइंग सार्कोमा किंवा दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग असू शकतो.

हाडाच्या अगदी मागून हाताची मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतूंचे जाळे जाते, खाली फुप्फुसाचे टोक असते. अवघड भाग तोच. न्यूयॉर्कच्या व्हॅलेंटाइन मॉट यांनी १८२८ साली एका तरुणाचे गाठ झालेले हे हाड काढले, तेव्हा भूल देण्याची सोयच नव्हती. शस्त्रक्रिया सुमारे चार तास चालली. मॉट तिला आपली ‘वॉटर्लू’ म्हणत. रुग्ण पुढे अनेक वर्षे जगला.

हाड काढल्यावर हात लुळा पडेल ही भीती साहजिक आहे, पण तसे सहसा होत नाही. बहुतेकदा त्या जागी दुसरे हाड बसवतही नाहीत. खांदा थोडा पुढे झुकतो, डोक्यावर वजन उचलताना ताकद कमी पडते. जेवणे, लिहिणे, कपडे घालणे जमते. (बैलाला तर हे हाड नसतेच, तरी तो नांगर ओढतो. माणसाला मात्र हात बाजूला आणि वर न्यायचा असतो.) व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट इथे शल्यविशारदाइतकाच महत्त्वाचा.

खरा घोळ होतो तो त्याआधी. जळगाव-धुळे महामार्गावरच्या एरंडोलसारख्या गावात खांद्याजवळची गाठ मुकामार समजून चोळली जाते किंवा घाईने कापून काढली जाते. बायोप्सीचा छेद चुकीच्या जागी गेला तर कर्कपेशी आजूबाजूला पसरतात आणि नंतर जास्त भाग काढावा लागतो. म्हणून वाढत जाणारी किंवा रात्री ठणकणारी गाठ असेल तर आधी एक्स-रे, मग एमआरआय काढावा. बायोप्सी पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकानेच करावी. एक्स-रे जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होतो. हाडांच्या कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईत परळला १९४१ पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे.

ऑस्टिओसार्कोमा आणि युइंगमध्ये शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोथेरपी देतात. त्यामुळे उपचार कित्येक महिने चालतात आणि मुंबईत राहण्याची सोय आधीच पाहावी लागते.