उंबरठ्यावरचा आकडा

कारखान्यांविषयीच्या कायद्यांचा विचार करताना कामाचे तास, सुट्टी आणि भरपाई यांकडेच सामान्यतः लक्ष जाते. परंतु त्या सर्वांच्या आधी एक प्रश्न उभा असतो: कारखाना म्हणावयाचे कशाला? १८८१ च्या पहिल्या कायद्याने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व निदान १०० माणसे असलेल्या जागेसच ते नाव दिले. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांसाठी झगडत होते त्या काळात, १८९१ साली, हा आकडा ५० वर आला. १९२२ मध्ये तो २० व १९४८ मध्ये १० झाला. सदुसष्ट वर्षांत उंबरठा इतका खाली उतरला.

भिवंडीने मात्र त्यास वळसा घातला. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या या गावी हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, व १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर त्या धंद्यास अधिकच जोर चढला. छप्पर एकच, पण कागदोपत्री माग निरनिराळ्या नातलगांच्या नावे वाटलेले, आणि प्रत्येकाकडे माणसे दहाहून कमी! विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी घेऊन बारा बारा तास उभा राहणारा कामगार अशा रीतीने भविष्य निर्वाह निधीस व कामगार विम्यास मुकला. सारा दोष मागवाल्याचा, असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळदा सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. मागवाला केवळ विणाई घेतो. नफ्याचा मोठा वाटा जिकडे जातो, तिकडे कायद्याची दृष्टी क्वचितच वळते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हिंदुस्थान सरकारच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांत कामगार विमा व उपदान यांसाठी १० आणि निर्वाह निधीसाठी २० हे आकडे कायम आहेत. पण यंत्रशक्तीच्या कारखान्याचा आकडा १० वरून पुन्हा २० केला आहे. १९२२ साली होता तोच हा आकडा होय. ठरावीक मुदतीच्या नोकरास वर्षभराच्या सेवेवर उपदान मिळावे, ही तरतूद आम्हास स्वागतार्ह वाटते. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याने ते वर्ष सिद्ध करावयाचे कशाच्या आधारे? प्रत्येकास नियुक्तिपत्र द्यावे, असे नवी संहिता सांगते. पण तेही दहा माणसांच्या आस्थापनेतच.