हलव्याच्या काट्यापासून केकवरच्या फुलापर्यंत

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर लिहावं. आठ वर्षं खजिनदार होतो, आकडे तोंडपाठ आहेत. पण ते म्हणाले, "काका, हिशेब आम्ही दरवर्षी सभेत ऐकतोच की. तुम्ही केकवर लिहा." म्हणून हा लेख. ज्यांना अजून माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मी २०१० साली बँकेतून निवृत्त झालो आणि २०२० पासून केक सजवतो. पैसे घेत नाही. क्रीम आणि साखर आणून दिली की काम होतं.

पण आधी एक जुनी थकबाकी सांगायला हवी. १९८३ साली माझी मुलगी सात वर्षांची झाली. तिनं एका मैत्रिणीच्या घरी गुलाबी फुलाचा केक पाहिला होता आणि तसाच हवा म्हणून चार दिवस मागे लागली होती. मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, मी भाषण ठोकलं. केक ही इंग्रजांची चाल, आपल्यात दिवा लावतात, विझवत नाहीत, वगैरे. पाटाभोवती रांगोळी काढली, औक्षण झालं, श्रीखंड-पुरी झाली. पोरगी रडली नाही, गप्प बसली. पुढं तिनं कधी केक मागितला नाही. मला वाटलं, पटलं तिला.

२०२०च्या मार्चमध्ये ती आणि नात चार दिवसांसाठी सोलापूरला आल्या आणि लॉकडाऊनमध्ये अडकल्या. मे महिन्यात नातीचा वाढदिवस आला. बेकऱ्या बंद. आमच्या सौ.नी माळ्यावरचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन काढला, मिल्कमेडचा डबा घालून बिनअंड्याचा केक भाजला. लोणी आणि पिठीसाखर फेटून मलई केली आणि दुधाची पिशवी धुऊन तिचा मेंदीसारखा कोन केला. प्रश्न आला, नाव लिहायचं कोणी? सौ.चा हात तेव्हा थरथरायला लागला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहा." संगणक येण्याआधी मी पंधरा वर्षं लेजरवर टाकानं आणि पेनानं लिहिलंय. कोन हातात धरला आणि काय सांगू, बोटांना ते काम ओळखीचं वाटलं. दाब सारखा, वेग सारखा, शेवटी हलकेच उचलायचं. मे महिन्यातलं सोलापूर, बेचाळीस डिग्री, दोन अक्षरं काढली की ताट फ्रीजमध्ये. अर्धा तास लागला पाच अक्षरांना.

त्यानंतर वेळच वेळ होता. म्हटलं, १९८३ साली आपण जे ठणकावून सांगितलं ते खरं होतं का, हे एकदा तपासावं. व्हाउचर बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही आमची जुनी सवय. ती त्या दिवशी मी मोडली होती.

पहिलं व्हाउचर साखरेचं. केकवरची सजावट म्हणजे नव्वद टक्के साखर, आणि उसाच्या रसापासून दाणेदार साखर करायची विद्या भारतातली. संस्कृतातली 'शर्करा' फारसी-अरबीच्या वाटेनं युरोपात गेली आणि तिची 'शुगर' झाली. 'खंड' गेला आणि 'कँडी' झाला. आपण मुलांना कँडी खाऊ नको म्हणून दटावतो, तो आपलाच खडीसाखरेचा खडा आहे. युरोपात साखर कित्येक शतकं औषधविक्याकडे मिळायची, इतकी महाग. १४९३ साली कोलंबसानं दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढं आफ्रिकेतून गुलाम आणून तिथं मळे पिकवले गेले, साखर स्वस्त झाली आणि साध्या घरात गोड केक येऊ लागला. हे वाचून मला दोन दिवस कोन हातात घ्यावासा वाटला नाही. पण खतावणीत दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. आपला जिल्हा तर साखरेचाच. माळीनगरचा कारखाना माळी शेतकऱ्यांनी १९३०च्या दशकात उभा केला, प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०चा. उसाच्या पीककर्जांवर सह्या करण्यात माझी निम्मी नोकरी गेली, आणि तरी साखर म्हणजे काय हे मी सत्तरीत शिकलो.

दुसरं व्हाउचर बघून मात्र मी उठून बसलो. संक्रांतीला हलवा कसा करतात, हे जुन्या बायकांना ठाऊक आहे. परातीत तीळ किंवा खसखस, खाली मंद आच, वरून चमचा-चमचा पाक आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. माझी आई चाळीत पहाटे, थंडीत करायला बसायची, कारण थंडीत काटा चांगला फुटतो. तीन-चार दिवस चालायचं ते. बोटं भाजायची. आता ऐका. इसवी सन १६००च्या सुमारास ह्यू प्लॅट नावाच्या इंग्रजानं गृहिणींसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात बडीशेपेसारख्या बियांवर साखर चढवायची कृती आहे : निखाऱ्यावर टांगलेलं पसरट भांडं, थोडा-थोडा पाक आणि हातानं हलवणं. हलवाच की हा! त्याच पद्धतीचे बारीक रंगीत दाणे आणि रुपेरी मणी आजही बेकरीवाला केकवर पेरतो. म्हणजे मी ज्याला परकं म्हणून हाकललं, त्याच्या अंगावर आमच्या आईच्या परातीतल्यासारखेच दागिने होते. बोरन्हाणाला बाळाला हलव्याचे दागिने घालताना मी फोटो काढलेत, पण हे कधी डोक्यात आलं नाही. तीच गोष्ट रुखवताची. साखरेचं तुळशीवृंदावन, शेवयांचं घरटं, खोबऱ्यावर कोरलेली फुलं. मुलीच्या मावश्या महिनाभर खपायच्या. खाण्याच्या वस्तूवर कला करायची आणि चार लोकांनी बघायची, यात आपण कुणाच्या मागं नव्हतो.

बाकीचा इतिहास थोडक्यात. कडक पांढऱ्या साखरेच्या थराला 'रॉयल आयसिंग' म्हणतात. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात सुमारे ३०० पौंडांचा पांढरा केक होता, तेव्हापासून त्याचा बोलबाला झाला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्यानं १८३७ साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि तिला यीस्टही चालेना म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर. बायकोच्या पथ्यापायी जगाची बेकरी बदलली, हे मी सौ.ना मुद्दाम वाचून दाखवलं. १९२९ साली शिकागोत विल्टन नावाच्या माणसानं केक सजवण्याचे वर्ग सुरू केले. त्याच्या कंपनीचे नोझलचे नंबर आज सोलापुरातला दुकानदारही बोलतो. पाकळीला एकशेचार, मोठ्या चांदणीला वन-एम.

आपल्याकडे केक आला तो बंदरांवरून आणि छावण्यांवरून. केरळात तलश्शेरीला १८८३ साली मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्यानं ब्राउन नावाच्या इंग्रज मळेवाल्याचा केक चाखून, इथल्याच जिनसा वापरून तसा केक केला, आणि तो भारतातला पहिला नाताळचा केक मानतात. गोव्यात रवा आणि नारळाचा बाथ आहे, त्याला सजावटीची गरजच नाही. पुण्याला कॅम्पात इराणी मंडळींची कयानी बेकरी १९५५ सालची, वेकफिल्ड कंपनी १९५६ची. बेकिंग पावडरचे डबे वाण्याच्या फळीवर आले आणि मग ओव्हन नसलेल्या घरातसुद्धा कुकरमध्ये वाळू घालून केक होऊ लागला. १९८३ साली म्हणूनच तो माझ्या दारापर्यंत पोचला होता.

आणि आता उलटी गंगा बघा. पुण्याच्या प्राची धबल देब या बाई आधी वित्तीय क्षेत्रात नोकरी करायच्या (हे वाचून मला फार बरं वाटलं). विलायतेत एडी स्पेन्स या राजघराण्याचे केक केलेल्या वयस्क कलावंताकडे त्या रॉयल आयसिंग शिकल्या. ते मुळात अंड्याच्या पांढऱ्यावर उभं असतं. आपल्याकडची अडचण ओळखून त्यांनी बिनअंड्याचं केलं, आणि त्यातून मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोची प्रतिकृती उभी केली. नुसतं फोटोत बघितलं तरी मान दुखते.

आमच्या ए विंगमध्येही तीच अडचण. मी काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून, गार करून फेटतो, त्याला अंड्यासारखा फेस येतो. पिठीसाखर घातली की रेघ काढण्याजोगं होतं. छोल्यांच्या दिवशी सौ. आता पाणी ओतून द्यायच्या आधी हाक मारतात. पावसाळ्यात मात्र ते वाळत नाही, आणि उन्हाळ्यात क्रीमचं फूल कूलरसमोर पाच मिनिटांत मान टाकतं. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे फुलं मागू नका, अक्षरं मागा. आणि अक्षरं देवनागरीच मिळतील. आधी खालची वळणं, मग एका दमात शिरोरेषा. उलट केलं की रेघ तुटते. 'वाढदिवस'मधला ढ मला अजून त्रास देतो.

तळमजल्यावरचे पद्मशाली काका जन्मभर चादरीची डिझाइनं चौकटीच्या कागदावर रंगवत आले. त्यांनी मला जॅकार्डचा तो कागद दाखवला. एक घर म्हणजे एक धागा. मी एक घर म्हणजे एक ठिपका धरला आणि सोलापुरी चादरीचा काठ केकवर उतरवला. तीन संध्याकाळी गेल्या. काकांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीत एक घर चुकलंय बघा." चुकलं होतं. रौप्यमहोत्सवाच्या केकला तोच काठ घेणार आहे, दुरुस्त करून.

यंदा मुलीला एकोणपन्नासावं लागलं. ती आली होती. मी तिला न सांगता छोटा गोल केक केला आणि त्यावर एकच गुलाबी फूल काढलं. सतरा पाकळ्या, पहिली दोन फुलं फेकून देऊन तिसरं लावलं. सौ.नी औक्षण केलं, निरांजन विझवलं नाही, मेणबत्ती लावलीच नाही. मी म्हटलं, "१९८३ची बाकी आहे, उशीर झाला." तिनं बराच वेळ केककडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, ते फूल मधोमध नव्हतं. जरा डावीकडे होतं."

मी पॅलेट नाइफ आणली आणि फूल उचलून डावीकडे ठेवलं.