राखेतला माग

आग विझवण्याचे काम जिथे संपते तिथून आगीचे कारण शोधण्याचे काम सुरू होते, आणि ही दोन्ही कामे बहुधा एकाच दलातील माणसे करीत असली तरी त्यांच्या गरजा परस्परविरोधी असतात. विझवणाऱ्याला पाण्याचा जोरदार मारा करावा लागतो, छत उचकटावे लागते, भिंती फोडाव्या लागतात. शोधणाऱ्याला मात्र प्रत्येक वस्तू जळाली त्याच जागी पडलेली हवी असते. शिवाय ज्या कृतीचा तपास करायचा ती कृतीच स्वतःचा पुरावा खाऊन टाकते, अशी दुसरी जागा गुन्हेशास्त्रात क्वचितच सापडेल. या व्यवसायातील माणसे निवृत्त झाली किंवा मरण पावली म्हणजे त्यांच्या आठवणींत दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात: त्यांनी किती वर्षे हे काम केले, आणि ते किती कुटुंबवत्सल होते. या दोन्ही गोष्टींचा त्या व्यवसायाच्या इतिहासाशी वाटतो त्याहून खोल संबंध आहे, कारण येथील ज्ञान शतकभराहून अधिक काळ घराण्यातल्या विद्येसारखेच वडीलधाऱ्यांकडून धाकट्यांकडे जात राहिले.

कारणाचा शोध चुकला तर काय होते याचे जुने आणि ठसठशीत उदाहरण लंडनचे आहे. २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधील थॉमस फॅरिनर या बेकरीवाल्याच्या घरातून जो वणवा पसरला त्याने शहराचा बराच भाग गिळला. फॅरिनरने आपली भट्टी रात्री विझवलेली होती असे ठामपणे सांगितले, आणि परकीयांवर व कॅथलिकांवर आधीच संशय असलेल्या शहराला रुआं येथील रॉबेर ह्यूबेर नावाचा एक फ्रेंच घड्याळजी सापडला, ज्याने आपण आग लावल्याची कबुली दिली. आधी त्याने जी जागा सांगितली तिथपर्यंत आग पोचलीच नव्हती. मग जबाब बदलून तो बेकरीवर आला. आरोपपत्रावर सही करणाऱ्यांत खुद्द फॅरिनर कुटुंबातील माणसे होती. २७ ऑक्टोबरला ह्यूबेरला टायबर्न येथे फाशी देण्यात आले, आणि त्यानंतर त्याला आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने सांगितले की तो लंडनला उतरला तेव्हा आग लागून दोन दिवस उलटले होते. या आगीचे स्मारक म्हणून उभारलेल्या स्तंभावर कॅथलिकांना दोष देणारा मजकूर १६८१ मध्ये कोरला गेला. तो कायमचा खोडायला १८३० साल उजाडले.

आगीचे कारण शोधण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात आली, आणि न्यूयॉर्क शहरात हे काम १८५४ पासून चालू असल्याचे तेथील अग्निशमन दल सांगते. तेथील ‘फायर मार्शल’ हा अधिकारी ध्यानात घेण्याजोगा आहे. तो मुळात बंबावर काम केलेला जवान असतो, आणि पुढे त्याला अटक करण्याचे, शस्त्र बाळगण्याचे, साक्षी नोंदवण्याचे, म्हणजे पोलिसाचे अधिकार मिळतात. विझवणारा, तपास करणारा आणि पकडणारा एकाच अंगरख्यात आल्याने या पदाला मोठा मान मिळाला, पण त्याचबरोबर एक धोकाही आला: ज्याने आगीत घुसून माणसे बाहेर काढली, त्याने न्यायालयात ‘ही आग लावलेली आहे’ असे सांगितल्यावर त्याला प्रश्न विचारायला कोणी धजावत नसे.

त्याचे ज्ञान मात्र चिन्हांचे होते. भिंतीवरचा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा काजळीचा पट्टा जिथे निमुळता होतो तिथे आगीचे उगमस्थान असते, हे त्यातले बऱ्याच अंशी खरे चिन्ह होय. बाकीच्या चिन्हांची गोष्ट वेगळी होती. लाकडाचा कोळसा मगरीच्या पाठीसारखा मोठ्या चकचकीत खवल्यांचा झाला तर आग फार वेगाने पसरली. सिमेंटच्या जमिनीचे पापुद्रे सुटले तर तिथे पेट्रोल ओतले. खिडकीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या तर उष्णता झपाट्याने वाढली, म्हणजे पुन्हा आग भडकवणारे द्रव वापरले. आणि जमिनीवर वेडेवाकडे जळके ओघळ दिसले तर ते ओतलेल्या इंधनाचेच, असे धडे जळक्या खोल्यांत उभे राहून अनुभवी माणसाने नवख्याला दिले. ती फसवणूक नव्हती. देणाऱ्याने ते आपल्या वडीलधाऱ्याकडून घेतले होते, आणि आरोपीने शिक्षा कमी व्हावी म्हणून गुन्हा कबूल केला की चिन्ह खरे ठरले अशी दोघांचीही समजूत होत असे.

१९७७ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारसाठी झालेल्या एका पाहणीने ही चिन्हे एकत्र मांडली आणि त्यांची शास्त्रीय कसोटी जवळजवळ झालेलीच नाही असे स्पष्ट नोंदवले. तरीही १९८० मध्ये राष्ट्रीय मानक संस्थेने काढलेल्या तपास-पुस्तिकेत त्यांतली कित्येक चिन्हे तशीच उतरली, आणि सरकारी शिक्का बसल्याने ती अधिकच पक्की झाली. तोंडी परंपरेतील चूक सुधारता येते. छापील चुकीला मात्र साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे करतात.

बदल घडला तो फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे, लाइम स्ट्रीटवरच्या एका घरामुळे. ऑक्टोबर १९९० मध्ये तेथे लागलेल्या आगीत सहा जण मेले आणि वाचलेल्या गृहस्थावर पेट्रोल ओतून घर जाळल्याचा आरोप आला; आग लहान मुलाच्या खेळातून सोफ्याला लागली असे तो सांगत होता. सरकारी पक्षाने जॉन लेंटिनी आणि जॉन डीहान या दोन तज्ज्ञांना बोलावले. दोघांची अपेक्षा आरोप खरा ठरेल अशीच होती, परंतु त्यांनी त्याच रस्त्यावरचे तशाच बांधणीचे, पाडायला काढलेले घर मिळवले, त्यात तसाच सोफा व गालिचा मांडला आणि पेट्रोलचा थेंबही न वापरता सोफा पेटवला. साधारण साडेचार मिनिटांत सगळी खोली एकदम पेटली. या क्षणाला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात: छताखाली साचलेल्या तप्त धुराची धग खाली उतरत जाते आणि खोलीतील सर्व जळाऊ वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात, त्यामुळे खोलीतली आग न राहता खोलीच आग होते. त्यानंतर जमीनही जळते, आणि तिच्यावर ओतलेल्या इंधनासारखेच ओघळ उमटतात. प्रयोगानंतर आरोप मागे घेण्यात आले. बोलावणाऱ्या पक्षाच्या विरुद्ध जाणारे उत्तर मिळूनही या दोघांनी ते मान्य केले, आणि या व्यवसायाच्या इतिहासात जी शौर्याची कृत्ये गणली जावीत त्यांत हे वरच्या क्रमाचे आहे.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा उतरला आणि हजारो घरे जळाली. या घरांत कोणी पेट्रोल ओतले नव्हते हे उघड असल्याने तो नकळत झालेला प्रयोगच ठरला. लेंटिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास घरे तपासली तेव्हा त्यांतल्या बारा घरांत भेगाळलेली काच मिळाली, आणि नंतरच्या प्रयोगांत दिसले की काच कितीही झपाट्याने तापवली तरी अशा भेगा पडत नाहीत. तापलेल्या काचेवर पाणी पडले की त्या पडतात. म्हणजे ज्या खुणेवरून माणसे तुरुंगात गेली ती आग विझवणाऱ्यांच्याच पाण्याने उमटवलेली होती. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने ‘९२१’ या क्रमांकाची मार्गदर्शिका काढली; तिने अनुमान मांडून ते पुराव्यावर तपासण्याची शास्त्रीय पद्धत या क्षेत्राला लागू केली. अपघाती कारण सापडले नाही एवढ्यावरून आग लावलेली ठरवण्याची रीत तिने २०११ च्या आवृत्तीत नाकारली. मराठी वाचकाला याचे उलटे रूप परिचयाचे आहे: आपल्याकडे ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य राख थंड होण्याआधीच छापून येते, आणि वितळलेली तार हे आगीचे कारण की आगीचा परिणाम, हा प्रश्न पुष्कळदा तिथेच राहतो.

टेक्सासमधील कॉर्सिकाना येथे २३ डिसेंबर १९९१ रोजी लागलेल्या आगीत कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम या तरुणाच्या तीन मुली मेल्या, त्यांतल्या दोन जुळ्या. वीसहून अधिक चिन्हे मोजून आग लावलेली असल्याची साक्ष झाली आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. शिक्षेच्या थोडे दिवस आधी जेरल्ड हर्स्ट या रसायनशास्त्रज्ञाने त्या चिन्हांना आधार नाही असा अहवाल दिला, तरी १७ फेब्रुवारी २००४ रोजी शिक्षा अमलात आली. २००९ मध्ये राज्याच्या न्यायवैद्यक आयोगासाठी झालेल्या परीक्षणानेही हर्स्टच्याच बाजूचा निष्कर्ष दिला. साक्ष देणारे दुष्ट होते असे समजण्याचे कारण नाही. २००५ मध्ये लास व्हेगास येथे झालेल्या एका चाचणीत फ्लॅशओव्हरनंतर दोनच मिनिटे जळू दिलेल्या खोलीचा कोणता चतुर्थांश आधी पेटला हे ५३ तपासनिसांना विचारले गेले, आणि तिघांचेच उत्तर बरोबर आले. अनुभवाला ज्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो प्रश्न कॉर्सिकानातील प्रत्यक्ष खोलीने विचारला होता.

या इतिहासात रोनाल्ड बुका यांचे नाव आपुलकीने घेतले जाते. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात बचाव पथकात असताना १९८६ मध्ये ते पाच मजल्यांवरून कोसळले, पाठीचा कणा मोडला, आणि बरे झाल्यावर निवृत्तिवेतन घेण्याऐवजी त्याच पथकात परतले. १९९२ मध्ये ते फायर मार्शल झाले. ते प्रशिक्षित परिचारक होते, लष्कराच्या राखीव दलातही होते, आणि घरी पत्नी व दोन मुले होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांनी वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण मनोरा चढायला घेतला. पथकप्रमुख ओरिओ पामर यांच्याबरोबर ते ७८ व्या मजल्यापर्यंत पोचले. मार्शलचे काम आग विझल्यावर सुरू होते. जळत्या मनोऱ्यात चढण्याचे बंधन त्यांच्यावर कोणत्याही नियमाने नव्हते. तिथेच ते मरण पावले; कर्तव्यावर मृत्यू आलेले ते न्यूयॉर्कच्या दलाच्या तपास विभागातील पहिलेच अधिकारी. २००३ मध्ये इराकमध्ये लष्करी पोलिसांनी एका बंदिछावणीला त्यांचे नाव दिले, हे मात्र आगीतून माणसे काढणाऱ्या माणसाचे योग्य स्मारक वाटत नाही.

तपासनिसाच्या मृत्यूचे दुसरे रूप संथ आहे. धूर ओसरला की श्वसनयंत्र उतरवून, साध्या हातमोज्यांनी राख उपसत तासन्‌तास बसण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि राख उपसणारे हात ज्या कपड्यांना लागले ते कपडे घरी धुतले गेले. थंड राखेतूनही विषारी कण व वायू सुटत राहतात हे उमगायला वेळ लागला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसाय मानवात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातला. न्यूयॉर्कच्या दलात ११ सप्टेंबर २००१ या एका दिवशी ३४३ माणसे गेली होती, आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यावरच्या धुळीने झालेल्या आजारांनी मेलेल्यांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये तितकीच झाली. आता नव्या तपासनिसाला शिकवले जाणारे नियम त्यामुळे साधे, घरगुती वाटण्याजोगे आहेत: राख उपसताना तोंडावर श्वसनरक्षक ठेवावा, बूट घटनास्थळीच धुवावेत, कामाचे कपडे गाडीत मुलांच्या आसनाजवळ ठेवू नयेत आणि अंघोळ करूनच घराचा उंबरा ओलांडावा.