मामाची लेन्स आणि दोन मिलिमीटर

ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये नेमकं बोगद्यात जातं, आणि ज्यांना आकडे कानांनी नाही तर डोळ्यांनी कळतात, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना मी जिथे भरकटले होते तिथे थोडी कात्री लावलीय. सगळीकडे नाही.

सुरुवात एका आवाजाने करते. टक्. रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकू येतो तो. लेन्स कॅमेऱ्यावर बसल्याचा आवाज आहे हा. ही 135 मिमीची लेन्स माझ्या मामाने 1981 साली सिंगापूरहून आणली. मामा तेव्हा बोटीवर होता. परदेशी कॅमेऱ्यांवर त्या काळी जबर ड्यूटी लागायची, त्यामुळे घरात बोटीवरचा मामा असणं हीच एक सोय होती. त्याने आणलेला संच असा: कॅनन एई-1, एक 50 मिमी लेन्स आणि ही 135. आमच्या घरातली 1981 ते 1995 पर्यंतची सगळी बारशी, मुंजी आणि लग्नं या दोन काचांतून आत आली आहेत.

आता 2014 मध्ये या. मला नोकरी लागून वर्ष झालेलं, पैसे साठलेले, डीएसएलआर घ्यायचा होता. मित्र म्हणत होते निकॉन घे. मी म्हटलं छे, घरात कॅननच्या दोन लेन्स आहेत, कॅननच घेणार. घेतला. बॉक्स तसाच उचलून मामाकडे गिरगावात गेले. त्याने कपाटातून स्टीलचा डबा काढला, सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये ठेवलेली 135 बाहेर काढली, माझ्या नव्या कॅमेऱ्याला लावली, फिरवली. बसेना. पुन्हा लावली. मग त्याने लेन्सचं मागचं तोंड बघितलं, कॅमेऱ्याचं पुढचं तोंड बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "अगं, हे जावई वेगळ्याच घरचे आहेत."

दुकानात मी विचारलंच नव्हतं. कंपनी एकच, मग बसणारच असं गृहीत धरलं होतं. चूक सरळसरळ माझी. पण त्या रात्री मी शोधायला बसले आणि जे सापडलं ते मला आजतागायत सुटलेलं नाही.

लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या धातूच्या कडीला माउंट म्हणतात. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये एक तिरका आरसा असायचा. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर, तुमच्या डोळ्याकडे पाठवायचा. बटण दाबलं की आरसा वर उडायचा आणि प्रकाश फिल्मवर पडायचा. आरशाला हलायला जागा लागते, म्हणून माउंट आणि फिल्म यांच्यात चार-साडेचार सेंटिमीटरचं अंतर ठेवावं लागायचं. प्रत्येक कंपनीचं अंतर वेगळं. निकॉनचं 46.5 मिमी. मामाच्या कॅननचं, म्हणजे 1971 पासूनच्या एफडी माउंटचं, 42 मिमी. माझ्या नव्या कॅननचं, ज्याला ईएफ म्हणतात, 44 मिमी.

दोन मिलिमीटरचा फरक. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं? 50 मिमीची लेन्स तिच्या जागेपासून 2 मिमी पुढे सरकली, की साधारण सव्वा मीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट येत नाही. जेवणाच्या ताटाचा फोटो निघेल, पण ताट वाढणाऱ्या आजीचा निघणार नाही. मध्ये अडॅप्टरची कडी घालावी, तर तिची स्वतःची जाडी आणखी वाढणार. इथे हवी होती उणे 2 मिमी जाडीची कडी, आणि तशी कोणी बनवू शकत नाही. मग त्या कडीत जास्तीची काच घालून गणित जमवतात. असा एक स्वस्त अडॅप्टर मी मागवला होता. त्यातून काढलेले फोटो बघून मामा म्हणाला, "लेन्सला मोतीबिंदू झालाय का?"

आता प्रश्न असा, की कॅननने स्वतःच्याच लेन्स अशा बाहेर का काढल्या?

त्यासाठी 1985 मध्ये जायला हवं. त्या वर्षी मिनोल्टाने 7000 नावाचा कॅमेरा आणला. ऑटोफोकसची मोटर कॅमेऱ्याच्या आतच, आणि ते लोकांना वापरता येईल इतकं चांगलं चालत होतं. त्यासाठी मिनोल्टानेही आपला जुना माउंट टाकून दिला होता. बाकीच्या कंपन्यांची झोप उडाली. कॅननने त्याच वर्षी टी80 आणला. जुन्याच एफडी माउंटवर ऑटोफोकस, आणि त्यासाठी खास लेन्स फक्त तीन. तो चालला नाही.

आणि मग गंमत बघा. 1986 मध्ये कॅननने टी90 आणला. आकार ठरवण्यात लुइजी कोलानी हा नामांकित जर्मन डिझायनर होता. एफडी घराण्यातला हा बहुधा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात हुशार कॅमेरा. लोकांनी आयुष्यभराचा म्हणून घेतला. पुढच्याच वर्षी, मार्च 1987 मध्ये, कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी, ईओएस 650 आला आणि त्याच्याबरोबर ईएफ माउंट. जुन्या लेन्स त्याला बसत नव्हत्या. काही ठरावीक लांब टेलिफोटो लेन्ससाठी कॅननने काचेचा एक कन्व्हर्टर काढला होता, पण तो चित्र 1.26 पट वाढवायचा आणि मामाच्या 50 मिमीला त्याचा उपयोग शून्य. ज्या फोटोग्राफरांनी पोटाला चिमटा काढून एफडीच्या पाच-सहा लेन्स जमवल्या होत्या, ते भयंकर चिडले. चिडणारच.

पण मी इतकं वाचल्यावर मला कॅननचंही म्हणणं पटायला लागलं, हे कबूल करते. जुन्या माउंटमध्ये कॅमेरा लेन्सशी दांड्या आणि खटके वापरून बोलायचा. ईएफमध्ये त्यातलं काहीच ठेवलं नाही. सगळं विजेच्या संपर्कांवर. मोटर कॅमेऱ्यात नाही, प्रत्येक लेन्सच्या आत, त्या लेन्सला हवी तशी. माउंटचं तोंड 54 मिमी रुंद. तीस वर्षं पुढचा विचार केलेला होता, आणि तो खरोखर तीस वर्षं चालला.

निकॉनने उलटं केलं. 1959 सालचा एफ माउंट, 44 मिमी तोंडाचा, त्यांनी सोडला नाही. 1986 मध्ये एफ-501 मध्ये ऑटोफोकस आणला तो त्याच माउंटवर, कॅमेऱ्यातली मोटर एका छोट्या दांडीने लेन्स फिरवायची, स्क्रू ड्रायव्हरसारखी. निकॉनवाले मित्र हे अभिमानाने सांगतात आणि सांगावंही. पण त्या निष्ठेलाही बारीक अक्षरातल्या अटी होत्या. 2006 च्या डी40 मध्ये ही मोटरच नव्हती. जुनी ऑटोफोकस लेन्स बसायची, पण फोकस हाताने करा.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी 2016 मध्ये घर बदलायच्या फार जवळ आले होते. मैत्रिणीचा निकॉन घेऊन दिवे घाटात पालखीला गेले. घाटाच्या वळणावर माउलींची पालखी, खाली वारकऱ्यांची रांग, आणि माझ्या हातात लेन्स बसत नाहीये! कॅननची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसवतात, निकॉनची नेमकी उलट्या. फोकसची कडीही उलटी फिरते. डोक्याला माहीत होतं, पण हाताला नव्हतं. त्या दिवशीचे बरेच फोटो हुकले. तेव्हा कळलं, की सिस्टिम बदलणं म्हणजे फक्त पैशांचा हिशोब नाही. हाताची सवय ओएलएक्सवर विकता येत नाही.

पैशांचा हिशोब 2018 मध्ये झाला. कॅननचा कॅमेरा, तीन लेन्स, फ्लॅश, सगळं मिळून साधारण 62 हजारांचं सामान मी 23 हजारांना दिलं आणि त्यात भर घालून एक जुना सोनी ए7 घेतला. घरी आई म्हणाली, "चार वर्षांत चाळीस हजार कुठे गेले?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आईला देण्यासारखं नव्हतं.

सोनी का? कारण त्यात आरसाच नाही. मिररलेस म्हणजे तेच. आरसा गेला की त्याच्यासाठी ठेवलेली जागाही गेली, आणि सोनीच्या ई माउंटचं अंतर उरलं फक्त 18 मिमी. आता वजाबाकी करा. 42 वजा 18, 24 मिमी. म्हणजे 24 मिमी लांबीची एक पोकळ नळी, आत काच नाही, मोटर नाही, काही नाही. ती मध्ये लावली की मामाची लेन्स बरोबर तिच्या हक्काच्या अंतरावर उभी राहते. कॅननने 1987 मध्ये बंद केलेलं दार सोनीच्या कॅमेऱ्यात उघडलं. शर्यत सुरू करणाऱ्या मिनोल्टाचा डीएसएलआरचा वारसाही 2006 मध्ये सोनीकडेच आला होता, ही आणखी एक गंमत.

त्याच 2018 मध्ये, पंधरा दिवसांच्या आत, निकॉन आणि कॅनन दोघांनीही मोठ्या सेन्सरच्या मिररलेससाठी नवे माउंट जाहीर केले. निकॉनचा झेड 16 मिमी, कॅननचा आरएफ 20 मिमी. एकोणसाठ वर्षांनी निकॉननेही घर बदललं. या वेळी दोघांनी जुन्या लेन्ससाठी पहिल्या दिवसापासून अडॅप्टर दिला. कॅननच्या ईएफ लेन्स त्यावर जवळपास पूर्ण चालतात, कारण त्यांची मोटर त्यांच्या पोटातच आहे. निकॉनच्या अडॅप्टरमध्ये मात्र ती स्क्रू ड्रायव्हरवाली मोटर नाही, त्यामुळे त्या जुन्या लेन्स तिथे हातानेच फोकस कराव्या लागतात. 1987 मध्ये ज्यांना शिव्या पडल्या त्यांचं काम 2018 मध्ये सोपं झालं होतं.

नळी घेऊन मी पुन्हा गिरगावात गेले. 135 च्या आतल्या काचेवर एका कडेला बुरशीची बारीक जाळी धरलीय. मुंबईचे इतके पावसाळे काढल्यावर ती धरणारच. ती तशीच ठेवलीय. मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मी त्याला फोकस पीकिंग लावून दिलं. म्हणजे फोकसमध्ये आलेल्या कडा स्क्रीनवर रंगाने उजळतात. त्याने गॅलरीतून समोरच्या चाळीकडे कॅमेरा रोखला. लेन्सची कडी न बघता फिरवली, बरोबर दिशेने. तिसऱ्या मजल्यावर दोरीवर वाळत घातलेला परकर लाल रेषांनी उजळला.

मामा हसला आणि म्हणाला, "हिची पहिली फिल्म मी पूर्ण अंडरएक्स्पोज केली होती. तुझ्या मामीला आजपर्यंत सांगितलं नाहीये. रोल खराब निघाला म्हणून सांगितलं."

मामी आत स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं.