नडगीवरची गाठ आणि शाईचा थेंब

बर्लिनहून रुगेन बेटाकडे निघालात, तर वाटेत ग्राइफ्सवाल्ड लागतं. १८९४ साली तिथे एका ३१ वर्षांच्या बाईच्या नडगीवर गाठ आली होती. दिसायला सारकोमासारखी. विकृतिशास्त्रज्ञ ओटो बुसे यांना सूक्ष्मदर्शकाखाली त्यात गोल कण दिसले. ते वाढवून पाहिले, तर निघाली चक्क यीस्ट! त्याच बाईवर लिहिताना त्वचारोगतज्ज्ञ आब्राहाम बुश्के यांनी १८९५ मध्ये त्यांना कॉक्सिडिया, म्हणजे वेगळेच परजीवी ठरवलं होतं. बाई वाचली नाही. आज त्या बुरशीला आपण क्रिप्टोकॉकस म्हणतो.

हीच बुरशी मेंदूत शिरते, याची पहिली नोंद १९०५ ची, डाविड फॉन हान्सेमान या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाची. तिथून खरी फसगत सुरू होते. आठवडेच्या आठवडे डोकेदुखी, बारीक ताप, वागण्यात फरक. पाठीतून काढलेल्या पाण्यात लिम्फोसाइट वाढलेल्या, प्रथिनं वाढलेली, साखर उतरलेली. तुमच्या-माझ्या घरात ही लक्षणं ऐकली की तोंडात एकच शब्द येतो: टीबी. जर्मन डॉक्टरसमोर भारतातून आलेला पेशंट बसला, तर त्याच्याही मनात बहुधा तोच येईल. त्यात गंमत अशी, की साध्या पाहणीत यीस्टची पेशी लिम्फोसाइट म्हणून खपून जाते.

म्हणून त्या पाण्यात काळ्या शाईचा थेंब टाकतात. बुरशीभोवतीच्या जाड आवरणात शाई शिरत नाही, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती चंद्राला पडतं तसं खळं दिसतं. (या शाईला इंग्रज इंडिया इंक म्हणतात, जर्मन टुशं, मूळ मात्र चीनचं.) पण बुरशी थोडी असेल तर शाई चुकते. तिच्या आवरणाचे अंश शोधणारी अँटिजेन चाचणी अधिक भरवशाची, आणि तिची पट्टी दहा मिनिटांत उत्तर देते.

नावाचा घोळ इथे जिवावर बेततो. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये स्टिरॉइड देतात. एचआयव्ही असलेल्या क्रिप्टोकॉकसच्या रुग्णांना आशिया-आफ्रिकेत डेक्सामेथासोन देऊन पाहिलं, तेव्हा अपाय दिसल्याने ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. निष्कर्ष आले २०१६ मध्ये. एचआयव्ही असो, अवयवरोपण असो की दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असो, घरातल्या कुणाची डोकेदुखी हटत नसेल तर ‘क्रिप्टोकॉकस पाहिलात का?’ असं डॉक्टरांना बेधडक विचारा.

बुश्के पुढे बर्लिनमध्ये नावाजलेले प्राध्यापक झाले. ते ज्यू होते. १९४३ मध्ये टेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. जुन्या पुस्तकांत या आजाराचं नाव अजूनही बुसे-बुश्के असंच सापडतं.