गंजाचा चितारी

पितळेचें पातेलें कळकलें कीं चिंच लावून तें घांसावें आणि आरशासारखें लखलखीत करावें, हें आपल्या घराघरांतील गृहिणींचें व्रत. अशा घरांत वाढलेल्या श्रोत्यांना मी आज एका विलक्षण गृहस्थांची हकीकत सांगणार आहें. त्यांनीं आयुष्याचीं पंचवीसांहून अधिक वर्षें नव्या कोऱ्या वस्तूंवर मुद्दाम गंज रंगविण्यांत घालविलीं.

अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माँटेरे हें शहर आहे. तेथें जॉन अ‍ॅलन नांवाचे छायाचित्रकार राहत असत. १९४६ सालीं त्यांनीं एक छोटी आगगाडी उभारावयास घेतली. खऱ्या गाडीचा ८७ वा भाग, हें तिचें प्रमाण. साडेपांच फुटी माणूस तेथें दोन सेंटिमीटरही भरावयाचा नाहीं. पुढें तळघरांत जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उठले, दऱ्यांवर पूल आले. स्वारी मोठी विनोदी. रेल्वेच्या नांवाचा इंग्रजी उच्चार केला म्हणजे ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ निघे, आणि डबे ढकलण्यासाठीं १३ नंबरचें इंजिन म्हणून एम्मा नांवाचा एक स्टेगोसॉरस जुंपलेला होता!

विनोद राहूं द्या. रंगाच्या बाबतींत मात्र हा गृहस्थ कठोर होता. तोंपर्यंत बहुतेक छांदिष्ट आपल्या गाड्या दुकानांतून आणल्या तशा चकचकीत ठेवीत. अ‍ॅलन यांच्या छायाचित्रकाराच्या डोळ्याला तें खपेना. खरें इंजिन दुरून पाहिलें तर त्याची चकाकी धूळ आणि हवा यांनीं मंदावलेली असते. बोटभर इंजिनावर ती तशीच चमकली, कीं कॅमेरा तत्काळ सांगतो, हें खेळणें आहे.

परंतु नुसता तपकिरी रंग फांसला म्हणजे गंज होत नाहीं. पाणी कोठें सांचतें, तें आधीं पाहावें लागतें. पत्र्याच्या सांध्यांत, रिव्हेटच्या कडेला गंज प्रथम धरतो आणि तेथून ओघळ खालीं येतो. धुराड्याभोंवतीं काजळी; जेथें वाफ व पाणी गळतें तेथें क्षारांचे पांढरे पट्टे. उलट, कामगाराचा हात रोज ज्या दांड्यावर पडतो आणि पाय ज्या पायरीवर पडतो, तेथें लोखंड उघडें पडून चमकतें. चाकाची रुळावर घांसणारी कडही तशीच. पितळेच्या घंटेवर तांबूस गंज दाखविणारा चितारी घंटेला लोखंडाची समजतो. म्हणून पातळ रंग खांचांत उतरूं द्यावा, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें उंचवटे हलकेच पुसावे. नवशिके येथें हमखास अति करतात; त्यांच्या गाड्या समुद्राच्या तळाशीं वर्षभर बुडाल्यासारख्या दिसतात.

यांत एक गंमत आहे. चित्रकाराच्या पेटींतला भाजलेला सिएना घ्या किंवा पिवळी गेरूमाती घ्या, त्यांचा रंग येतो लोहाच्या ऑक्साइडांतून. गंजाचीही घडण तीच. म्हणजे गंज रंगवावयाचा तो गंजानेंच!

हा विचार एकट्या अ‍ॅलन यांनाच सुचला असें नव्हे. इंग्लंडांतील जॉन अहर्न यांच्या रेल्वेलाही जुनेपणाची अशीच ओढ होती, आणि ती आज पेंडनच्या संग्रहालयांत पाहावयास मिळते. अ‍ॅलन यांच्या कृतीचें तसें झालें नाहीं. ६ जानेवारी १९७३ रोजीं ते हृदयविकारानें वारले. त्यानंतर दहाव्या दिवशीं त्यांच्या घराला आग लागली, आणि ते डोंगर, ते पूल व त्या गाड्या यांपैकीं बहुतेक जळून गेलें. उरलीं तीं त्यांनीं स्वतः घेतलेलीं छायाचित्रें. १९८१ सालीं लिन वेस्टकॉट यांनीं लिहिलेलें पुस्तक प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यांतून तीं पुष्कळांनीं प्रथमच पाहिलीं. आणि एम्माचें छायाचित्र सोडलें, तर बाकीचीं खऱ्या रेल्वेचीं नव्हेत हें पटावयास वेळ लागतो.